पाणसळ : तंजावूरचे भूमिगत गटार आणि उलटे फिरणारे सांडपाणी

25 ऑक्टोबर 1799 रोजी तंजावूरच्या सरफोजीराजे दुसरे यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. या तहाने कावेरीच्या खोऱ्यातील सारा मुलूख, त्याचा महसूल आणि न्यायनिवाडा कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावूरचा किल्ला, त्यातील राजवाडा, वार्षिक एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. एकोजीराजांनी सतराव्या शतकात मिळवलेले मराठ्यांचे दक्षिणेतील राज्य अशा रीतीने एका तटबंदीपुरते आक्रसले. इतिहासकार या घटनेकडे सत्तांतर म्हणून पाहतात. जलशास्त्राच्या अंगाने पाहणाऱ्याला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. किल्ल्यात येणारे पाणी ज्या नदीनाल्यांतून येत होते आणि किल्ल्यातून बाहेर पडणारे पाणी जिथे जाऊन मिळत होते, ती दोन्ही टोके आता राजांच्या अखत्यारीबाहेर गेली. मधला तुकडा तेवढा त्यांच्या हाती राहिला.

त्या मधल्या तुकड्यात सरफोजींनी जे केले ते थक्क करणारे आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ, देवनागरी मुद्रणालय, धन्वंतरी महालातील औषधसंशोधन, नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी हे सर्व परिचित आहे. त्यामानाने कमी परिचित असलेली गोष्ट अशी, की त्यांच्या नागरी कामांत चरित्रकार दहा तलाव, अनेक विहिरी आणि तंजावूर शहरासाठी बांधलेल्या भूमिगत गटारव्यवस्थेची गणना करतात. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला आणि तो पाहायला आजही अभ्यासक जातात. गटारांसाठी कोणी शिलालेख कोरत नाही. त्यांची नोंद फार तर खर्चाच्या मोडी कागदांत राहते, नाहीतर रस्ता खणताना विटांच्या रूपाने वर येते.

गटार जमिनीखालून नेणे ही स्थापत्याची निम्मीच बाजू झाली. उरलेली बाजू म्हणजे त्यातले पाणी परत घराकडे येणार नाही याची तजवीज. ही तजवीज समजून घ्यायची तर शाळेतला एक साधा प्रयोग आठवावा लागतो. एकमेकांना खालून जोडलेल्या दोन भांड्यांत पाणी ओतले, की भांड्यांचा आकार कसाही असो, दोन्हींतील पाण्याची पातळी समान होते. घरातील मोरी आणि रस्त्याखालचे गटार ही अशीच दोन जोडलेली भांडी आहेत. एरवी गटाराची नळी अर्धवट भरलेली असते, तिच्यात पाण्याच्या वर हवा असते आणि पाणी उताराने निमूटपणे वाहत जाते. पण गटाराचे तोंड ज्या खंदकात, ओढ्यात किंवा नदीत उघडते तिथली पातळी चढली, की नळी शेवटाकडून भरू लागते. ती पूर्ण भरली, की उताराला अर्थ उरत नाही. त्यानंतर पाणी कुठवर चढेल हे नळीचा ढाळ ठरवत नाही. बाहेरच्या पाण्याची उंची आणि वाटेतील घर्षण यांतून सिद्ध होणारी दाबरेषा ते ठरवते. ही रेषा एखाद्या घराच्या मोरीपेक्षा वर गेली, की त्या घरात बाहेरचे सांडपाणी उगवते. नळी कोणी तुंबवलेली नसते, कुठे फुटलेलीही नसते. पाणी केवळ आपली पाणसळ साधत असते.

'पाणसळ' हा गवंड्यांचा शब्द. ओळंबा उभी रेषा दाखवतो, पाणसळ आडवी. पाण्याला आडवे राहण्याची जी ओढ असते तिच्यावरूनच हे नाव पडले.

तंजावूरला या ओढीचे ज्ञान सरफोजींच्या फार आधीपासून होते. सोळाव्या शतकात सेवप्पा नायकाच्या नावाने बांधल्या गेलेल्या सेवप्पनेरी या तलावातील पाणी बृहदीश्वर मंदिरालगतच्या शिवगंगा तलावात आणि तेथून शहरातील तळ्या-विहिरींत भूमिगत मार्गांनी नेले जाई. या व्यवस्थेला 'जलसूत्र' असे नाव आहे. पंप नाही, चाक नाही. वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात केवळ पातळीच्या फरकावर पाणी पोहोचते. काही वर्षांपूर्वी स्मार्ट सिटी योजनेतून अय्यनकुळम या तळ्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा शिवगंगेकडून येणारा असाच एक जुना भूमिगत मार्ग मोकळा करण्यात आला आणि त्यातून पुन्हा पाणी आले. शतकानुशतकांनंतरही तळ्यांच्या सापेक्ष उंचीत फरक पडलेला नव्हता, एवढेच त्याचे कारण.

जलसूत्र आणि गटार यांचे भौतिकशास्त्र एकच आहे. फरक आहे तो टोकांचा. जलसूत्राचे वरचे टोक माणसाच्या ताब्यात असते. तळे भरले की पाणी सोडता येते. गटाराचे ताब्यात असावे लागते ते खालचे टोक. किल्ल्यातील गटाराला खालचे टोक म्हणजे तटाबाहेरचा खंदक आणि त्यापुढचे कालवे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस तंजावूरवर कोसळतो आणि त्याच दिवसांत डेल्टातील नद्या, कालवे, भातखाचरे तुडुंब असतात. म्हणजे गटाराला सर्वाधिक पाणी वाहून न्यायचे असते नेमके त्याच वेळी ते सोडायला जागा नसते. हा योगायोग नाही. सखल प्रदेशातील प्रत्येक शहराची ही रचनात्मक अडचण आहे.

सरफोजींच्या काळी युरोप या बाबतीत फार पुढे होता, असा समज असेल तर तो दूर केलेला बरा. लंडनमध्ये 1815 पर्यंत घरातील मैला सार्वजनिक गटारात सोडण्याची परवानगीच नव्हती; ती गटारे पावसाच्या पाण्यासाठी होती. घराघरांतील शौचकूप हाताने उपसले जात. परवानगी मिळाल्यावर गटारे टेम्स नदीत रिकामी होऊ लागली आणि टेम्स ही भरती-ओहोटीची नदी असल्याने दिवसातून दोनदा त्यांची तोंडे पाण्याखाली जाऊ लागली. 1858 च्या उन्हाळ्यातील प्रसिद्ध दुर्गंधीनंतर जोसेफ बॅझलगेट यांना नदीला समांतर मोठी गटारे बांधून सांडपाणी शहराच्या खाली, पूर्वेकडे न्यावे लागले, आणि सखल भागांतील सांडपाणी वर उचलण्यासाठी वाफेचे पंप बसवावे लागले. तंजावूरचे गटार त्याच्या कितीतरी आधीचे आहे. मात्र तुलना करताना एक भान ठेवायला हवे. पाण्याने धुऊन जाणारे शौचकूप भारतीय घरांत फार उशिरा आले. त्या काळी घरातील मोरीतून स्नानाचे, स्वयंपाकाचे आणि पावसाचे पाणी जाई. मैला माणसे वाहून नेत आणि ती माणसे कोणत्या जातींची असत हे सांगण्याची गरज नाही. उलटे आलेले पाणी तेव्हा घाण होते. आज ते रोगकारक आहे.

घरगुती नळकामात या संकटावर पहिला उपाय सुचला तो वासासाठी. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने 1775 मध्ये, म्हणजे सरफोजींच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, शौचकूपाखालच्या नळीला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा बाक देऊन त्यात थोडे पाणी कायम साचून राहील अशी युक्ती पेटंट केली. हे साचलेले पाणी गटारातील वायूला घरात येऊ देत नाही. भारतातील प्रत्येक न्हाणीघरात आज हीच युक्ती आहे आणि नळकामाच्या दुकानांत तिचे नावही आपल्याच भाषेतून गेलेले आहे : 'नहाणी ट्रॅप'.

अनेकांची अशी समजूत असते, की हा ट्रॅप सांडपाण्यालाही अडवतो. एक लहानसा हिशेब ही समजूत मोडायला पुरेसा आहे. नहाणी ट्रॅपमधील पाण्याची उंची साधारण 50 मिलिमीटर असते. एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे 490 पास्कल दाब देतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम दोनशेवा भाग. गटारातील वायूला तेवढा पुरतो. बाहेरच्या चेंबरमधील पाणी मोरीच्या जाळीपेक्षा वर चढले, तर मात्र ट्रॅप त्याला कणभरही विरोध करत नाही, कारण ट्रॅपमधील पाणी हे त्याच पाण्याचे पुढचे टोक बनते. ट्रॅप इशारा तेवढा देतो. नळी भरत चालली, की तिच्यात कोंडलेली हवा ट्रॅपमधून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि न्हाणीघरात गुडगुड ऐकू येते. पावसाळी रात्री हा आवाज ऐकूनही झोपून राहणाऱ्याला सकाळी घर धुवावे लागते.

खरा अडसर म्हणजे झडप. पाणी बाहेर जाताना उघडणारी आणि परत येऊ लागले की त्याच पाण्याच्या दाबाने मिटणारी ही बिजागरीची पाकळी 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' किंवा 'रिफ्लक्स व्हॉल्व्ह' या नावांनी मिळते. 100 मिलिमीटर व्यासाच्या नळीत बाहेरचे पाणी एक मीटर वर चढले, तर या पाकळीवर सुमारे 77 न्यूटन बल पडते, म्हणजे जवळजवळ आठ किलो वजन. एवढ्या बलाने पाकळी घट्ट बसायला हवी आणि बसतेही, पण बैठक स्वच्छ असेल तरच. चिंधी, केसांचा गुंता, प्लास्टिकची पिशवी, गोठलेले तेल यांपैकी काहीही मध्ये अडकले, की फट राहते. म्हणून झडप जमिनीत पुरून विसरून जाण्याची वस्तू नाही. ती उघडून पाहता येईल अशा चेंबरमध्ये बसवावी लागते आणि पावसाळ्यापूर्वी साफ करावी लागते. तिची दुसरी मर्यादा अधिक बोचरी आहे. मिटलेली झडप बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसेच आतले बाहेर जाऊ देत नाही. झडप बंद असताना घरात नळ चालू राहिला, तर घर स्वतःच्याच सांडपाण्याने तुंबते. गच्चीचे पावसाचे पाणी त्याच नळीला जोडलेले असेल, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा असते, तर नळ बंद ठेवूनही सुटका नाही.

यामुळेच नळकामाच्या नियमांनी झडपेपेक्षा पातळीला अधिक महत्त्व दिले आहे. नियम साधा आहे. घरातील सर्वांत खालची मोरी किंवा शौचकूप हे रस्त्यावरील लगतच्या वरच्या अंगाच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा उंचावर असेल, तर झडपेची गरज नाही, कारण सांडपाणी मोरीपर्यंत चढण्याआधीच मॅनहोलच्या झाकणातून रस्त्यावर ओसंडेल. मोरी झाकणाच्या खाली असेल, तर झडप हवी. उरलेल्या उंचावरच्या मोऱ्या त्या झडपेला जोडू नयेत, म्हणजे झडप मिटली तरी वरच्या मजल्याचे पाणी तळमजल्यावर उतरणार नाही.

तंजावूरच्या जुन्या घरांनी हा नियम कोणी लिहिण्याआधी पाळलेला दिसतो. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार राजवीथींवर उरलेल्या पारंपरिक घरांना समोर 'तिण्णै' असते. मराठी घरातला ओटाच तो. रस्त्यावरून दोन-चार पायऱ्या चढून तिण्णैवर यायचे, उंबरठा ओलांडायचा आणि आत 'मुट्रम' नावाच्या उघड्या चौकाभोवती खोल्या. छपराचे पाणी या चौकात पडते आणि फरशीखालून नेलेल्या वाटेने रस्त्याकडे निघून जाते. चौक हा घरातील सर्वांत सखल भाग, तरीही रस्त्यापेक्षा उंच. त्या पायऱ्यांकडे पाहुण्याला बसण्याची सोय म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात तो पाण्याच्या उलट वाटेवर घातलेला बांध होता, आणि त्याला बिजागरी नसल्यामुळे तो गंजण्याचाही प्रश्न नव्हता.

हा बांध मोडला रस्त्याने. डांबराचा जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवत गेले, की दर वेळी रस्ता काही सेंटिमीटर वर येतो. रस्त्याबरोबर मॅनहोलचे झाकण वर येते आणि त्याबरोबर सांडपाणी ओसंडण्याची पातळीही. घर तिथेच राहते. तीन-चार दशकांत पायऱ्या एकेक करून रस्त्यात बुडतात आणि एके काळी उंच असलेला चौक खड्डा होतो. घरमालकाने नळकामात काहीही बदल केलेला नसताना त्याची मोरी नियमाच्या चुकीच्या बाजूला जाते. हे केवळ तंजावूरचे दुखणे नाही. पुण्याच्या पेठांत, कोल्हापुरात, नागपुरात जुन्या घरांचे उंबरठे असेच रस्त्याखाली गेलेले दिसतात. तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी मे 2021 मध्ये आदेश काढला, की नवा थर टाकण्यापूर्वी जुना थर खरवडून काढावा, जेणेकरून घरे रस्त्याच्या खाली जाणार नाहीत. सांडपाणी रोखण्याच्या दृष्टीने हा आदेश हजारो झडपांच्या तोलाचा आहे, अर्थात तो पाळला गेला तर.

आता शहराबाहेर पाहू. तंजावूर समुद्रसपाटीपासून सुमारे 59 मीटर उंचीवर आहे आणि नागपट्टिणमचा किनारा तेथून साधारण 80 किलोमीटर. म्हणजे जमीन सरासरी तेराशे-चौदाशे मीटर चालल्यावर एक मीटर उतरते. सांडपाण्यातील गाळ नळीत बसू नये यासाठी प्रवाहाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटर वेग लागतो आणि मध्यम व्यासाच्या नळीला त्यासाठी दोन-तीनशे मीटरला एक मीटर असा ढाळ द्यावा लागतो. जमीन उतरते त्यापेक्षा कितीतरी वेगाने नळी खाली जाते. दोन किलोमीटरवर ती इतकी खोल गेलेली असते, की सांडपाणी पंपाने वर उचलण्यावाचून मार्ग नसतो. भूमिगत गटाराचा निकाल तिथे लागतो. पंप चालू तोवर शहर कोरडे. वीज गेली, की खालच्या टोकाला पाणी साचते आणि दाबरेषा मागे सरकत घरांकडे चढू लागते. 26 नोव्हेंबर 2008 रोजी 'निशा' चक्रीवादळाच्या वेळी तंजावूर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे चोवीस तासांत सुमारे 660 मिलिमीटर पाऊस पडला. नोव्हेंबर 2018 मधील 'गज' वादळाने डेल्टातील विजेचे खांब मोठ्या संख्येने पाडले. पाऊस आणि अंधार एकत्र येणे हा तेथील नित्याचा अनुभव आहे.

तंजावूरजवळून वाहणाऱ्या वेण्णार नदीच्या फाट्यांवर, समुद्राला मिळण्याआधी, दरवाजे आहेत. भरतीचे खारे पाणी नदीतून मागे शेतांत शिरू नये आणि पुराचे पाणी मात्र बाहेर जावे, यासाठी बांधलेले हे अंतिम नियंत्रक म्हणजे न्हाणीघरातील झडपेचीच प्रचंड आवृत्ती. त्यांची मर्यादाही तीच : समुद्र चढलेला असताना दरवाजे बंद, आणि दरवाजे बंद असताना आतले पुराचे पाणी कोंडलेले. मुंबईकरांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मुंबईत पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या 186 पातमुखांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्या खाली आहेत, 135 त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली, आणि केवळ सहा भरतीच्याही वर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरतीच्या वेळी या शहराला पाणी सोडायला जागाच नव्हती. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. झडप मिटल्यावर आतले पाणी उचलून बाहेर फेकणारा पंपही हवा, हा धडा मुंबईने फार मोठी किंमत देऊन घेतला.

सांडपाणी उलटे आले, की घरमालक महापालिकेला फोन करतो आणि वाट मोकळी करायला कोणीतरी येते. हे 'कोणीतरी' या विषयाच्या तांत्रिक चर्चेत क्वचितच दिसते. तुंबलेल्या मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. तीव्र प्रमाणात तो प्रथम वास घेण्याची शक्तीच मारतो, मग श्वास. माणसाला संरक्षक साधनांविना गटारात उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाई वाढवावी लागते याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. तंजावूर जिल्ह्यातीलच कुंभकोणम नगरपालिकेने 2018 मध्ये केरळातील तरुण अभियंत्यांनी बनवलेला 'बँडिकूट' हा मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव वापरात आणला, तेव्हा तो राज्यातील सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक होता. मॅनहोल तुंबते ते मुख्यतः घरांतून आलेल्या तेलाने, चिंध्यांनी आणि प्लास्टिकने. ज्या वस्तू घरातील झडपेची पाकळी उघडी ठेवतात, त्याच वस्तू काढायला माणसाला खाली उतरवले जाते.

आपली मोरी नियमाच्या कोणत्या बाजूला आहे हे ठरवायला अभियंत्याची गरज नाही. गवंडी फरशी बसवताना पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी पाण्याने भरून वापरतात, तीच पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक मॅनहोलच्या झाकणाशी उभे धरायचे, दुसरे मोरीच्या जाळीशी. दोन्ही टोकांतील पाणी स्थिर झाले, की झाकणापासून आणि जाळीपासून त्या पाण्याची उंची पट्टीने मोजायची. जाळीकडची उंची झाकणाकडच्यापेक्षा कमी भरली, तर मोरी वर आहे. जास्त भरली, तर ती झाकणाच्या तितकीच खाली आहे, आणि पावसाळ्यापूर्वी प्लंबरला बोलावणे आवश्यक आहे. झाकण अशा वेळी उघडायचे नाही. मोजमाप वरून होते. रस्त्यावर नवा थर पडला, की हे मोजमाप पुन्हा घ्यावे लागते.